डावखुऱ्या पोरीला काता उलटा करू द्यावा का?

खारपाणातली_ताई

नमस्कार मंडळी. काता म्हणजे कराटेत एकट्यानं, ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. प्रश्न जरा लांब आहे. थोडक्यात विचारला तर "आधी पाया पक्का करा" एवढंच उत्तर येईल, आणि ते मला पाठ आहे. म्हणून सगळं लिहिते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. ७ वर्षांपासून गावातल्या पोरींना कराटे शिकवते, शोतोकान पद्धतीचं. मी स्वतः अमरावतीला कॉलेजात असताना शिकले, ब्लॅक बेल्ट तिथंच झाला, मग लग्न होऊन इकडे आले. वर्ग संध्याकाळी साडेपाच ते सात, समाजमंदिरात. खाली शहाबादी फरशी आहे. मॅट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून घरोघरच्या जुन्या गाद्या मागून आणल्या, वर ताडपत्री ताणली आणि कडा सुतळीनं शिवल्या. एरवी १८-२० पोरी असतात. वेचणी सुरू झाली की ८-९ उरतात, कारण शाळा सुटली की त्या आईच्या मागं कापसाच्या वावरात जातात.

वेचणीच्या दिवसांत त्यांचे हात बघवत नाहीत. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या कडेनं सगळीकडे चिरा पडतात. अशा हाताची मूठ वळायला सांगितली की बोटं अर्धीच मिटतात, आणि अंगठा वरून दाबताना पोरी दात आवळतात. एकदा एकीच्या मुठीतून आलेला रक्ताचा ठिपका पांढऱ्या बाहीवर पसरलेला पाहिला. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. तेव्हापासून त्या दोन महिन्यांत मी ठोसे जवळजवळ बंद ठेवते. शुतो-उके, म्हणजे उघड्या हातानं अडवणं, आणि पायांचं काम घेते.

आता जिच्यासाठी लिहिते आहे ती पोरगी. अकरावीत आहे, निळा पट्टा, ५ वर्षांपासून येते. डावखुरी आहे. तिचा आजा जुना पहिलवान. समोरचीचा खांदा हलायच्या आधी हिला कळतं की आता काय येणार. अशी नजर मी माझ्या अमरावतीच्या वर्गातही कोणाची पाहिली नाही.

गेल्या वर्षभरात ती माझ्या हातातून सुटत चालली आहे असं वाटतं. कुमितेला, म्हणजे जोडीदारासमोर लढतीला, उभी राहिली की उजवा पाय पुढे टाकते, कमरेतून पुढे वाकते, हात खाली आणि उघडे. हे मी शिकवलेलं नाही. मी पाठ सरळ करून देते, दोन मिनिटांत पुन्हा तशीच. काता करते, पण हजेरी लावल्यासारखा. चुकत काही नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरही काही नाही.

मागच्या बुधवारी हेइआन शोदान घेत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आमचा पहिला काता, २१ हालचालींचा. त्यात चौथ्या हालचालीला उजवं मनगट झटक्यानं मागं ओढून घ्यायचं आणि मुठीचा घाव वरून घालायचा. कोणी मनगट धरलं तर सोडवायचं कसं, ते त्यात आहे. पोरींना हीच हालचाल सगळ्यात आधी पटते. एसटी स्टँडवर काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. सगळ्यांनी केली आणि ही थांबली. म्हणाली, "मॅडम, माझा डावा हात धरला तर?"

मी म्हटलं, "पुढं चल."

रात्रभर ते डोक्यात राहिलं. कारण २१ च्या २१ हालचाली मनातल्या मनात करून पाहिल्या आणि ती सोडवणूक खरंच फक्त उजव्या हाताला आहे. डाव्याला नाही. मी इतकी वर्षं करते आणि शिकवते, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"पुढं चल" हे शब्दही माझे नाहीत. ज्यांच्याकडे मी शिकले त्यांच्याकडे प्रश्नाला उत्तर नसायचं, ५० बैठका असायच्या. ४ वर्षांत मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. पहिल्या स्पर्धेत माझ्यासमोर डावखुरी मुलगी आली. तिचा पुढचा पाय माझ्या पुढच्या पायासमोरच येत होता आणि मला कुठं उभं राहायचं तेच कळेना. पहिल्याच फेरीत बाहेर. परतीच्या प्रवासात कोणी बोललं नाही. मला राग हरण्याचा नव्हता. डावखुऱ्या माणसाशी उभं कसं राहायचं, एवढी साधी गोष्ट कोणी दाखवली नव्हती, आणि विचारायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

मग सोड ना मोकळं, असं तुम्ही म्हणाल. सोडलं होतं. २ वर्षांपूर्वी शेवटची २० मिनिटं "ज्याला जे करायचं ते करा" अशी ठेवली. पोरी खूश. एकीनं मोबाइलवर पाहून कमरेवरून फेकायचा डाव दुसरीवर केला. दुसरी हात टेकवून पडली, गादी आणि फरशीच्या बरोबर सांध्यात. मनगटाजवळचं हाड मोडलं. ६ आठवडे प्लास्टर, आणि तेही ऐन वेचणीत, जिथं मजुरी किलोवर मिळते. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनं चहा केला आणि एक शब्द बोलली नाही. ती पोरगी परत आली नाही. त्या दिवसापासून माझ्या वर्गात मोकळा वेळ नाही.

तर मंडळी, किती धरून ठेवायचं आणि किती सोडायचं? ही पोरगी दोन महिन्यांनी परीक्षेला बसणार आहे. तिला ठोकून सरळ केली तर तिच्यात जे आहे ते मरेल असं वाटतं. सोडली तर उद्या तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या हाडावर येईल. तिची आई म्हणते, "मॅडम, तुमी सांगान तसंच करन थे." हे ऐकलं की जास्त भीती वाटते.

---

लालमाती_अकोट

ताई, मी कराटेवाला नाही, मातीतला माणूस हाये. वय ६२. पण तुमचं वाचलं अन् राहावलं नाही.

आमच्या वस्तादानं मले पहिले आठ महिने डाव दाखवलाच नाही. सकायी चारले उठायचं, कुदयीनं आखाडा खोदायचा, माती चायाची, त्यात तेल, हयद, ताक टाकायचं. मंग जोर-बैठका. मी म्हणो, वस्ताद, डाव? थे म्हणे, मान दाखव. अन् मानेवर हात ठेऊन खाली दाबे. मान वाकली की म्हणे, जाय, खोद. लेकराले इचारून तालीम होत नाही ताई, हे माहं मत हाये. पाठ, मान, पाय, दम, अन् जोडीदाराले जपणं, यात कोणाचीच मर्जी चालत नाही.

पण डाव? डाव ज्याचा त्याचा. माही उंची कमी. वस्तादानं मले पट काढणं देल्लं, खालून घुसाचं अन् पाय उचलाचा. माह्या मोठ्या भावाचे पाय लांब, त्याले टांग देल्ली. त्यानं कधी मले टांग मार म्हटलं नाही अन् भावाले पट काढ म्हटलं नाही. एकाच वस्तादाचे आमी दोघं, पण दंगलीत कोणी पाहिलं असतं तं म्हटलं असतं हे दोन आखाड्याचे हायेत.

अन् डावखुऱ्या पहिलवानाले तं सारेच भेत. आमच्या इथं होता एक. त्याले वस्तादानं उजवा करायचा कधी प्रयत्न केला नाही. उलट आमाले रोज त्याच्यासंग लढवे.

आता पोरीच्या वाकण्याचं सांगतो. आजा पहिलवान म्हणता, म्हणजे तिनं थो पवित्रा घरीच पाहिला असन. कुस्तीत पुढं वाकलं तरच आपले पाय वाचतात, कारण समोरचा पायाले हात घालते. तोंडावर कोणी मारत नाही. तुमच्यात लाथ तोंडावर येते. म्हणून तिले नुसतं "सरय उभी राह्य" नोका म्हणू. हयूच पाय तिच्या तोंडापर्यंत नेऊन दाखवा एकडाव. मंग थे आपोआप डोकं मागं घेईन अन् उरलेलं तिचं तिले ठेवू द्या.

---

भरती_२७

ताई, मी शिकवणारा नाही, सोडून गेलेला आहे. दारव्ह्याकडचा. तायक्वांदो केलं तीन वर्षं, मग सोडलं. आता पोलीस भरतीची तयारी करून राहिलो, सकाळी १६०० मीटर, संध्याकाळी गोळाफेक.

सोडलं कारण सरांना काही विचारलं की ते म्हणायचे, तुझा पट्टा कोणता? मला कवायतीचा कंटाळा नव्हता हो. एकच लाथ दोनशे वेळा मारायला मला आवडायचं, अजूनही आवडते. पण ही लाथ इथून का मारायची आणि तिथून का नाही, हे कोणी तरी सांगायला पाहिजे ना. तुमच्या पोरीनं जो प्रश्न विचारला तसा प्रश्न मी विचारला असता आणि "पुढं चल" ऐकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आलो नसतो. ती आली का दुसऱ्या दिवशी? आली असेल तर तुमच्यावर तिचा जीव आहे समजा.

दुसरी बाजू पण सांगतो. मागच्या पावसाळ्यात गिट्टी टाकलेल्या रस्त्यावर गाडी घसरली. मी हात न टेकवता खांद्यावरून लोळलो. कातडी गेली, हाड वाचलं. हे पडणं सरांनीच घोटून घेतलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत, दररोज. तेव्हा मला तो वेळ वाया जातो असं वाटायचं. त्यांना जाऊन सांगायचं आहे, अजून गेलो नाही.

पोरींचं एक लक्षात घ्या. बारावीनंतर त्या तुमच्याकडे राहणार नाहीत. कोणाचं लग्न, कोणाचं शिक्षण, कोणी भरतीच्या ८०० मीटरला लागणार. तुमच्याकडे एक-दीड वर्ष आहे. जे त्यांचं स्वतःचं झालं तेवढंच त्या सोबत नेतील.

---

ज्युडोवाला_वर्धा

ताई, तुमच्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवू.

ते मनगट मोकळीक दिल्यामुळं मोडलं नाही. पडायला शिकवलं नव्हतं म्हणून मोडलं. कराटेच्या वर्गात पडण्याचा सराव कमीच असतो, तुमचा दोष म्हणून सांगत नाही. पण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पडणंच असतं. हनुवटी छातीला, तळहातापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम जमिनीवर आपटायचा, हात ताठ करून टेकवायचा नाही. माणूस घाबरला की हात आपोआप पुढे जातो, म्हणून ते हजार वेळा घोटून काढावं लागतं. हे कोणाच्या आवडीवर सोडता येत नाही. आणि एक विनंती: गादी आणि ताडपत्रीवर फेकण्याचा एकही डाव करू देऊ नका, कोणालाही. गादीत पाय रुततो, घोटा पिरगळतो, दोन गाद्यांच्या फटीत अंगठा अडकतो, घाम पडला की ताडपत्री साबणासारखी होते. बसून मागं लोळणं, उकिडवं बसून बाजूला पडणं, एवढं मात्र त्यावर छान होतं. रोज १० मिनिटं घ्या.

आता मोकळीक. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोच्या एका मंदिरात १२ चटयांच्या जागेवर कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली, तेव्हापासून ज्युडोत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. काता म्हणजे ठरलेलं, रांदोरी म्हणजे मोकळी झटापट. आधी काही वर्षं काता आणि मग बक्षीस म्हणून रांदोरी, असं आमच्याकडे नसतं. नवशिक्यालाही पडणं जमलं की काही आठवड्यांत रांदोरी मिळते. पण रांदोरीला कुंपण असतं. हात टाकायचे कुठं, कशावर थांबायचं, जोडीदारानं थाप मारली की त्या क्षणी सोडायचं. तुम्ही "ज्याला जे करायचं ते करा" म्हटलं तिथं कुंपण नव्हतं.

माझ्या वर्गात मी एकेका दिवसाला एकच अट घालतो. आज फक्त डावी पकड. आज फक्त मागं सरकत खेळायचं. अट जितकी लहान तितकी पोरं जास्त शोध लावतात, हे मी स्वतः पाहतो आहे. तुम्ही असं करून बघा: दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, फक्त पुढचा हात, अंगाला न लावता एक वीत अंतरावर थांबवायचा. हात थांबवता येणं हा तुमच्या कराटेचा पायाच आहे ना? मग तो या खेळात आपोआप घोटला जाईल, आणि पाय कुठला पुढे ठेवायचा ते जिचं तिला.

शेवटचं. तुम्ही म्हणता वर्गात मोकळीक बंद आहे. पण वेचणीच्या दोन महिन्यांत ठोसे काढून उघडा हात तुम्हीच आणला. कोणत्या पुस्तकात होतं ते? पोरींचे हात बघून तुम्ही अभ्यासक्रम बदलला. त्या डावखुऱ्या पोरीसाठी तेवढंच करायचं आहे.

---

खारपाणातली_ताई

ज्युडोवाले दादा, तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. खरं आहे. हाताच्या चिरा दिसतात म्हणून बदलले, डावखुरेपणा दिसत होता तरी बदलले नाही.

भरतीवाल्या भाऊ, हो, ती दुसऱ्या दिवशी आली. पाच मिनिटं आधी आली आणि एकटीनंच गाद्या अंथरून ठेवल्या. तुम्ही त्या सरांना जाऊन भेटाच. शिकवणाऱ्याला असं कोणी येऊन सांगत नाही.

अकोटच्या काका, तुम्ही म्हणता तसं करून पाहिलं. तिला तिच्याच पवित्र्यात उभं केलं आणि अगदी हळू, मोजून, पाय वर नेला. माझी पावलाची कड तिच्या कानाशी थांबली. ती म्हणाली, "अरे बाप्पा." डोकं तीन बोटं मागं गेलं. कंबर तशीच वाकलेली ठेवली तिनं, हातही खालीच. मी ते सोडून दिलं.

कॉलेजात असताना मी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मल्लखांब बघायला जायची. १९१४ पासूनची ती जागा, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं आपले देशी खेळ तिकडे दाखवले होते, हे अमरावतीत कोणालाही विचारा. मला आठवतात ती अगदी लहान पोरं, साधी अढी घालून खांबाला चिकटलेली. मांडीची पकड सुटली की खाली, पुन्हा तीच अढी. आणि त्याच खांबावर मोठी पोरं वर गेली की प्रत्येकाचं शरीर वेगळ्याच तऱ्हेनं वळायचं. मला तेव्हा वाटायचं वरचं बघावं. आता काकांचं वाचल्यावर ती मांडीची पकड डोळ्यांसमोर येते.

पण काताचं कोणीच बोललं नाही. डाव्या हाताच्या प्रश्नाला मी तिला काय उत्तर देऊ? काता बदलायचा अधिकार मला नाही ना?

---

नागपूरची_शोतोकान

ताई, मी २२ वर्षांपासून शोतोकान करते आहे, नागपुरात. काताबद्दल मी सांगते.

तुमच्या पोरीनं जे पकडलं ते बरोबर पकडलं. ती सोडवणूक उजव्यालाच आहे. अजून बघा: वर अडवणारे तीन हात येतात ते उजवा, डावा, उजवा. सलग तीन ठोसे येतात तेही उजवा, डावा, उजवा. दोन्ही किआई, म्हणजे जोरात ओरडायच्या जागा, उजव्या हातावर. डावखुऱ्या माणसानं हा काता शंभर वेळा केला तर त्याचा दुबळा हातच जास्त घोटला जातो. तेही वाईट नाही, पण त्याचा चांगला हात तसाच राहतो.

अधिकाराचं म्हणाल तर हा काता आकाशातून पडलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये कराटे आणायचं ठरलं तेव्हा तिथले कराटेगुरू आंको इतोसू यांनी शाळेतल्या मुलांना झेपतील असे पाच काता तयार केले. त्यांचं नाव पिनान. आपल्या शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे घेऊन टोकियोला गेले, पुढे त्यांनी पिनानचं हेइआन केलं आणि क्रमही बदलला, पहिला होता तो दुसरा केला. फुनाकोशी पेशानं शाळामास्तर होते, हे तुम्हाला आवडेल. म्हणजे समोर बसलेली मुलं बघून बदल करणं हे या काताच्या जन्मापासून आहे. पण त्या दोघांनी आधी आयुष्यभर जुनं केलं होतं, हेही तितकंच खरं.

जपानी कलांमध्ये शु-हा-री असं म्हणतात. आधी पाळायचं, मग मोडायचं, मग सोडून पुढे जायचं. मी असे वर्ग पाहिलेत जिथं वीस-वीस वर्षं लोकांना "पाळा" मध्येच बसवून ठेवलं. आणि असेही, जिथं सहा महिन्यांत सगळे "सोडून" मोकळे. तुमची पोरगी ५ वर्षं पाळते आहे.

काता आरशासारखा उलटा करणं हा काही वर्गांत नेहमीचा सराव आहे. सगळं डावं ते उजवं, उजवं ते डावं. परीक्षेत मात्र ठरलेलाच करावा लागेल, ते तिला स्पष्ट सांगा. आणि कुमितेत कुठला पाय पुढे असावा असा नियम नाही, तिचा उजवा पुढे राहू द्या. उलटा काता फक्त तिलाच देऊ नका, सगळ्या वर्गाला द्या. उजव्या पोरींचा डावा हात तर त्याहून कच्चा असतो. एसटी स्टँडवर धरणारा माणूस कुठला हात धरायचा ते काता विचारून ठरवत नाही.

---

लालमाती_अकोट

ह्या नागपूरवाल्या बाई बरोबर सांगून रायल्या. आमी जोडी, म्हणजे लाकडाचे मुद्गल, फिरवो तं दोन्ही हातानं सारखीच फिरवो. एकाच हातानं फिरवली तं पाठ वाकडी होते माणसाची.

---

खारपाणातली_ताई

मंडळी, १२ दिवसांनी लिहिते आहे. मध्ये हरभऱ्याच्या पेरणीत घरचं काम निघालं.

रोजची पहिली १० मिनिटं आता पडण्याची आहेत. लहान पोरींना ते सगळ्यात जास्त आवडतं, मोठ्या लाजतात. फेकण्याचे डाव पूर्ण बंद, ते दारावर खडूनं लिहून ठेवलं आहे. शेवटच्या दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या सुरू केल्या, फक्त पुढचा हात, एक वीत अंतर. पहिल्या दिवशी वीत कोणालाच पाळता आली नाही आणि एकीच्या नाकाला लागलं, रक्त नाही आलं. दुसऱ्या दिवशी फेऱ्या बंद ठेवल्या आणि अर्धा तास भिंतीसमोर फक्त हात थांबवणं घेतलं. कोणी कुरकुरलं नाही, कारण का करायचं ते आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं होतं. आता बरं चाललं आहे. ज्या पोरीचं मनगट मोडलं होतं तिच्या घरीही जाऊन आले. पडायला शिकवते म्हणून सांगितलं. येईल असं म्हणाली नाही, पण तिच्या धाकट्या बहिणीला पाठवलं.

त्या पोरीला मी शुक्रवारी वर्ग सुटल्यावर थांबवलं. म्हटलं, तू त्या दिवशी विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आता आहे. सगळा काता उलटा करायचा. परीक्षेत सरळच, पण इथं दोन्ही. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी करते मॅडम, घरी."

मला वाटलं उद्यापासून करीन म्हणते. तर ती गेलं वर्षभर करत होती. आज्याच्या जुन्या गोठ्यात, रात्री जेवणं झाल्यावर. मला सांगितलं नव्हतं, कारण मी "पुढं चल" म्हणणारी होते.

काल तिला वर्गासमोर उभं केलं आणि म्हटलं, घे. बाकी पोरी मागं रांगेत, मी त्यांच्यात शेवटी. तिनं उजवीकडे वळून पहिला हात टाकला. चौथ्या हालचालीला डावं मनगट ओढून घेतलं आणि वरून घाव घातला. इतकी वर्षं ही हालचाल तिच्याकडून घेतली, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, बाही ताडकन वाजली. पुढचे तीन हात मी कसेबसे तिच्या मागं केले. नवव्यानंतर मोठी गिरकी येते. तिथं माझं शरीर सवयीनं जुन्या बाजूला वळलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी, आणि मी दाराकडे. रांगेतल्या अर्ध्या पोरी माझ्यासोबत चुकल्या होत्या.

तिनं मागं वळून पाहिलं, थांबली, आणि म्हणाली, "मॅडम, पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

घेतला.